तळमजल्यावरचा खांब कोणाचा?

घाटकोपर पश्चिमेतील साईसिद्धी ही इमारत २५ जुलै २०१७ रोजी सकाळी कोसळली आणि ढिगाऱ्याखाली १७ माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर पूर्वी एक शुश्रूषागृह होते व त्या जागेत अंतर्गत नूतनीकरणाचे काम चालू होते. या कामात इमारतीच्या खांबांनाच हात घातला गेला, असा रहिवाशांचा आरोप होता. काम करवून घेणाऱ्या मालकास पोलिसांनी अटकही केली. ही घटना एकटीच असती, तर तिला अपघात म्हणता आले असते. परंतु त्याआधी दहा वर्षे, १८ जुलै २००७ रोजी, बोरिवलीची लक्ष्मी छाया पडली, तेव्हाही तळमजल्यावरील दुकानातल्या फेरफारांकडेच बोट दाखविले गेले होते. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची इमारत कोसळून ६१ जण ठार झाले. तेथेही तळमजल्यावरील भाडेकरूने केलेल्या अंतर्गत बदलांचा प्रश्न पुढे आला. ही इमारत तर खुद्द महापालिकेच्या मालकीची होती आणि तीत महापालिकेचेच कर्मचारी सहकुटुंब राहत होते. परवाना देणारी, तपासणी करणारी आणि घरमालक असलेली संस्था एकच होती. तरीही तळमजल्यावर काय चालले आहे, हे वर झोपलेल्या माणसांना कोणी सांगितले नाही.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर नियम कडक करण्याची हाकाटी होते. नियम नाहीत अशी स्थिती मात्र मुळीच नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचे कलम ४३ सांगते की, केवळ घराच्या अंतर्भागापुरते असलेले किंवा बाह्य स्वरूपात विशेष फरक न पाडणारे देखभालीचे, सुधारणेचे वा फेरफाराचे काम असेल, तर त्यास नियोजनाची परवानगी लागत नाही. हा कायदा घराकडे रस्त्यावरून पाहतो, आणि नगररचनेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. मुंबईत त्याच्या जोडीला १८८८ च्या महापालिका कायद्याचे कलम ३४२ आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणे, संडास-मोरीची दुरुस्ती, नळ व विजेची जोडणी अशा किरकोळ कामांसाठी सूचना देण्याचे कारण नाही. मात्र बांधकामाची मापे बदलणे, खांब किंवा भारवाहक भिंत काढणे, जोते खाली नेणे, पोटमाळा घालणे यांना ही सवलत नाही. कायद्याने रेषा आखली आहे आणि ती बरोबर ठिकाणी आखली आहे. प्रश्न आहे तो ही रेषा प्रत्यक्ष घरात उभे राहून ओळखणार कोण, हा.

मी राहतो त्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर काही वर्षे होतो. आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. एका सभासदाने स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधील भिंत काढण्यासाठी अर्ज केला. ती भिंत भार पेलणारी की नुसती आडोशाची, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. सांगणार कोण? एक निवृत्त बँक कर्मचारी, दोन शिक्षिका, एक औषधविक्रेता आणि आयुष्यभर फळ्यावर मागणी-पुरवठ्याचे वक्र काढलेला मी! इमारतीचा संरचनात्मक नकाशा संस्थेच्या कपाटात सापडला नाही. ठेकेदाराने भिंतीवर बोटांनी टकटक केली आणि 'काही नाही, पार्टिशन आहे' असा निर्वाळा दिला. आम्ही 'हरकत नाही' असे लिहून दिले. त्या कागदावर माझीही सही आहे. भिंत गेली, इमारत उभी आहे. पण ती उभी राहण्यात आमच्या विवेकाचा वाटा शून्य होता.

आणि भिंत हीच एक गोष्ट नव्हे. फरशी बदलण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु जुनी फरशी उखडण्याचा खर्च वाचविण्यासाठी तिच्यावरच नवी बसविण्याची पद्धत घरोघरी रूढ झाली आहे. सिमेंट-वाळूचा दोन इंचांचा थर प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे १०० किलो वजन टाकतो. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीत माणसे आणि सामानसुमान यांचा भार म्हणून चौरस मीटरला सुमारे २०० किलो गृहीत धरतात. म्हणजे १०० चौरस फुटांच्या खोलीत जवळजवळ एक टनाचा पाहुणा कायमचा मुक्कामाला येतो, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. खांब काढल्याने दुकान प्रशस्त होते, त्याचे भाडे वाढते आणि तो लाभ संपूर्णपणे मालकाच्या खिशात जातो. त्याची किंमत मात्र वरच्या मजल्यांवरील कुटुंबांवर पडते आणि ती किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. करारपत्राने सदनिका विकत घेता येते. खांबाचा त्या चार भिंतींत आलेला तुकडा तसा विकत घेता येत नाही. तो पायापासून गच्चीपर्यंत सर्वांचा असतो. सामाईक मालमत्ता म्हणजे काय, हे ज्यांना पुस्तकातून पटत नाही, त्यांनी आपल्याच दिवाणखान्याच्या कोपऱ्याकडे एकदा पाहावे.

हातोडा चालविणाऱ्या माणसाचा विचार तर या व्यवहारात कोणी करतच नाही. नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या कामगाराला नकाशा दाखवीत नाहीत, खूण केलेली जागा दाखवितात. स्लॅब खाली आला तर प्रथम तो त्याच्याच डोक्यावर येतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे १० लाख रुपयांपर्यंतचे काम आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा ५० लाखांवर नेली. शहरातील सदनिकांचे बहुतेक सर्व नूतनीकरण या आकड्याच्या आत बसते. पन्नास लाखांचा संगमरवर आणि सागवान बसविणाऱ्या घरमालकाला कामगार कल्याणाचा एक टक्का परवडू नये, हे कोणत्या न्यायाचे अर्थशास्त्र आहे?

आता एक कबुली. आपण समाजवाद्यांनी परवाना या गोष्टीवर नको इतका विश्वास टाकला. आणखी एक परवाना निर्माण केला, तर आणखी एक टेबल निर्माण होईल. चाळीतल्या भाडेकरूने वाढत्या संसारासाठी घातलेला माळा बोभाट्याने पाडला जाईल आणि तळमजल्यावरचे मोठे दुकान पडद्याआड आपले काम उरकून घेईल. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीला संरचनात्मक तपासणी सक्तीची आहेच; पण प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशीचे सत्य सांगते. दुसऱ्या दिवशी कोणी काय फोडले, ते सांगत नाही.

मागणी करायची असेल, तर ती परवान्याची नव्हे, अभियंत्याची केली पाहिजे. महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात संरचना अभियंता असावा आणि कोणत्याही रहिवाशाच्या साध्या अर्जावर त्याने ठरावीक दिवसांत घरी येऊन, विनामूल्य, कोणती भिंत हलविता येईल व कोणती नाही ते लेखी द्यावे. त्याचा निर्णय अर्जदाराला जसा मिळेल, तसाच वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यालाही मिळावा. प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराशी, टपालपेट्यांच्या शेजारी, खांब-तुळयांचा नकाशा लावणे सक्तीचे करावे. म्हणजे ठेकेदाराच्या टकटकीवर विसंबण्याची पाळी समितीवर येणार नाही आणि हातोडा उचलणारा मजूरही तो पाहू शकेल.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. १९६९ च्या कायद्यानुसार जुन्या भाड्याच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवून मुंबईत दुरुस्ती मंडळ स्थापन करण्यात आले, तेव्हाही हा प्रश्न विचारला गेलाच असेल. इमारत सुरक्षित राखणे हे एकट्या मालकाचे काम नाही, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. आज तर महापालिका बिल्डरांना वाढीव चटईक्षेत्र देताना भरघोस अधिमूल्य घेते. नव्या मनोऱ्यांच्या या कमाईतून जुन्या इमारतींसाठी विभागागणिक दोन-चार अभियंते पोसता येत नाहीत, असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी तसे आकडे मांडून दाखवावेत.