आधी ऐकू द्या, मग पैसे मागा!

स्पीकर, अँप्लिफायर, माइक विकणाऱ्या दुकानदारांना, तिथल्या विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना जाहीर आवाहन



लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मी हे पत्रक स्वतःच्या खर्चाने छापून वाटते आहे. मी गिरगावात गाणं शिकवते. गेल्या महिन्यात क्लाससाठी स्पीकरची जोडी घ्यायला भाच्याला सोबत घेऊन एका दुकानात गेले. पर्समध्ये साठवलेले चाळीस हजार रुपये होते. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं भाच्याला मिळत होती. तानपुरा आणि गळा असं माझं स्वतःचं रेकॉर्डिंग मी पेनड्राइव्हवर नेलं होतं. ते लावून दाखवा म्हटलं, तर विक्रेता म्हणाला, ‘‘मॅडम, घ्यायचं नक्की आहे का? टाइमपाससाठी आम्ही लावत नाही.’’ मग त्याने स्वतःच्या पसंतीचं ढणाणा गाणं पूर्ण आवाजात लावलं. जरा कमी करा म्हटलं, तेव्हा उत्तर आलं, ‘‘तुम्हाला यातलं कळत नाही.’’

चाळीस वर्षं मी तानपुरा जुळवते आहे. जवारी किंचित उतरली तरी मला कळते. त्या दिवशी काही न घेता मी बाहेर पडले, आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

अपमान एकटीचा नाही

ओळखीच्यांना विचारलं तेव्हा प्रत्येकाकडे असा एक किस्सा निघाला. एका गावच्या भजनी मंडळाने वर्गणी काढून माइक आणि अँप्लिफायर घ्यायचं ठरवलं. धोतर-टोपीतली चार माणसं दुकानात गेली, तर त्यांना पंधरा मिनिटं कुणी विचारलंही नाही. कमी ऐकू येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना टीव्हीतले संवाद स्पष्ट ऐकू येतील असा साउंडबार हवा होता. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांच्यावर ओरडण्यात आलं. कॉलेजातल्या एका मुलाने पहिल्या पगारातून हेडफोन घ्यायचे ठरवले, तर ‘‘हे तुझ्या बजेटमधलं नाही’’ असं म्हणून बॉक्स परत फळीवर ठेवला गेला. बाई, गावाकडचा माणूस, म्हातारा माणूस आणि साध्या कपड्यांतला मुलगा यांची किंमत दारातच ठरते.

ऐकवणं ही मेहेरबानी नव्हे

कापडवाला ठाण उलगडतो. आंबेवाला पेटीतला आंबा हातात देऊन वास घेऊ देतो. सोनार डोळ्यांदेखत वजन करतो. स्पीकरच्या धंद्यात पारखायचा माल डोळ्यांना दिसतच नाही. पेटीचं पॉलिश आणि जाळीचा रंग बघून तो कसा वाजेल हे सांगता येत नाही. पारख करायला गिऱ्हाइकाकडे फक्त कान आहेत. ‘‘आधी घ्या, मग ऐका’’ म्हणणं म्हणजे डोळे बांधून लुगडं विकत घ्यायला लावणं आहे.

ऐकवण्याचीही रीत असते. दोन स्पीकर शेजारी ठेवून एक जरासा मोठ्याने वाजवला, की तोच चांगला वाटतो. कानाचा धर्मच तो आहे. म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर हवा. ज्याला महागडा माल खपवायचा आहे तो तोच मोठ्याने लावतो. आणि गाणं गिऱ्हाइकाच्या ओळखीचं हवं. ज्या रेकॉर्डमधला तबल्याचा बायाँ मी शेकडो वेळा ऐकला आहे, तोच मला सांगेल की स्पीकर खरं बोलतो की नुसता धपधपतो.

उर्मटपणाच्या आड काय असतं?

‘‘तुम्हाला कळत नाही’’ असं ओरडून सांगणाऱ्याला बहुतेक वेळा स्वतःलाच माहीत नसतं. प्रश्न आला की तो चिडतो, कारण उत्तर नसतं. म्हणून प्रश्न विचाराच.

बॉक्सवर हजारो वॉट पीएमपीओ लिहिलेलं असेल, तर तो आकडा विसरा. तो मोजायची ठरलेली पद्धत नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, किती ते विचारा. शंभरऐवजी दोनशे वॉट घ्या, आवाज दुप्पट होईल, असं सांगितलं तर मान डोलावू नका. वॉट दुप्पट झाले की फक्त 3 डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला थोडासाच फरक. आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट ताकद लागते. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठ्याने वाजतो, हेही विचारा. 87 डेसिबलच्या स्पीकरला जेवढे वॉट लागतात, त्याच्या निम्म्यात 90 डेसिबलचा स्पीकर तेवढाच वाजतो. स्पीकर 4 ओहमचा असेल, तर आपल्या अँप्लिफायरला तो पेलेल का, हे दुकानदाराने विकण्याआधी सांगायचं असतं, अँप्लिफायर जळल्यावर नाही.

त्या भजनी मंडळाला फक्त तीन प्रश्न विचारायला हवे होते. देवळात गाता की उघड्या पटांगणात? समोर माणसं किती? पखवाज, वीणा आणि टाळांना मिळून माइक किती? त्याबरोबर एक सल्ला पुरला असता: स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, त्याचं तोंड माइककडे नको, म्हणजे शिट्टी वाजणार नाही. याला एक पैसा लागत नाही. समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, एवढंच.

विक्रेत्यांची बाजूही खरी आहे

दहा-बारा तास उभं राहून, कमिशनवर डोळा ठेवून आणि मालकाची बोलणी खाऊन गोड बोलणं सोपं नाही, हे मी जाणते. दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क केरळने 2018 साली कायद्याने दिला, तमिळनाडूने 2021 साली. आपल्याकडच्या मालकांनी कायद्याची वाट न पाहता आजच एक स्टूल द्यावं. नव्या पोराला काउंटरवर उभं करण्याआधी आठवडाभर शिकवावं. पोराच्या उद्धटपणाचा पहिला जाब मालकाला विचारला पाहिजे.

आणि गिऱ्हाइकांनो, दुकानात तासभर ऐकून, माहिती घेऊन माल ऑनलाइन मागवणं हाही अप्रामाणिकपणाच आहे. दुकानदाराच्या मनात जी अढी बसली आहे, तिला आपल्यातलेच काही जण कारण आहेत. पण एकाच्या लबाडीची शिक्षा दुसऱ्याला देऊ नका.

कायदा काय सांगतो?

उर्मट बोलण्याला दंड नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मालाचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला देतो. बिल न देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देणंही त्यातच मोडतं. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल, तर ती 30 दिवस धरली जाते. तेव्हा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बिघडलेल्या मालाला लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. ती दोन वर्षांच्या आत करावी. वकील सक्तीचा नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा यातलं काहीच कायद्यात नव्हतं. लोकांनी मागितलं म्हणून ते मिळालं.

आमच्या मागण्या

1. गिऱ्हाइकाने आणलेलं गाणं, त्याला हव्या त्या पातळीवर ऐकवावं.
2. ऐकवण्यात वेळ जातो असं वाटत असेल तर त्याचं शुल्क ठरवून पाटी लावावी, आणि खरेदी झाल्यास ते बिलातून वजा करावं. आम्ही आनंदाने देऊ.
3. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीकडे बघून उत्तर द्यावं. ती बाई असो, म्हातारा असो वा मूल.
4. माहीत नसेल तर ‘‘विचारून सांगतो’’ म्हणावं. त्यात कमीपणा नाही.
5. पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड न मागता द्यावं.
6. दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाला खरेदीला आलेल्याइतकाच मान द्यावा.

गिऱ्हाइकांना विनंती

पुढच्या खरेदीला जाताना आपल्या ओळखीचं एक गाणं बरोबर न्या. अभंग असो, लावणी असो, सिनेमाचं गाणं असो, ते लावायला सांगा. नाही म्हणाले तर भांडू नका. नमस्कार करा आणि शेजारच्या दुकानात जा. जो दुकानदार खुर्ची पुढे सरकवून ‘‘बसा, काय ऐकता तुम्ही?’’ असं विचारेल, त्याच्याकडे चार पैसे जास्त पडले तरी घ्या, आणि त्याचं नाव दहा जणांना सांगा. मीही चाळीस हजार तसेच राखून ठेवले आहेत. माझी पेनड्राइव्ह जो लावेल, ते त्याचे आहेत.

हे पत्रक वाचून झाल्यावर पुढच्या माणसाच्या हातात द्या.

आपली,
गाण्याची एक शिक्षिका, गिरगाव