घरातलं विज्ञान : कल्चर रिपोर्टला एवढे दिवस का?

रक्तातली साखर तासाभरात कळते, मग लघवीच्या कल्चरसाठी लॅबवाले दोन-तीन दिवस का मागतात?

कारण जिवाणू आधी वाढवावे लागतात. ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवल्यावर प्लेटवर त्यांचे ठिपके दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र बरेच जिवाणू सारखेच दिसतात. म्हणून त्यांची ओळख चेहऱ्यावरून नाही, कामावरून पटवतात. म्हणजे त्यांच्याकडे कोणतं एन्झाइम आहे ते पाहून.

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो ना? तो आपल्या रक्तातल्या कॅटलेज या एन्झाइममुळे. लॅबमध्ये हीच युक्ती वापरतात. जिवाणू गोल, ग्रॅम-पॉझिटिव्ह असतील तर काचपट्टीवर त्यांचा कण घेऊन ३ टक्के पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. बुडबुडे आले तर स्टॅफिलोकोकसचा संशय, नाही आले तर स्ट्रेप्टोकोकसचा. प्लेटमध्ये रक्त मिसळलेलं असेल तर ते कणाबरोबर येता कामा नये, नाहीतर फेस रक्ताचाच! पुढे सशाच्या प्लाझ्मात गुठळी झाली, तर तो बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस. जठरातला हेलिकोबॅक्टर युरिएजमुळे सापडतो. युरियापासून अमोनिया होतो आणि पिवळं माध्यम गुलाबी होतं.

यानंतर कोणतं अँटिबायोटिक चालेल, हे पाहायला आणखी एक दिवस.

म्हणून कपाटातली उरलेली गोळी घेऊन मग नमुना देऊ नका. जिवाणू प्लेटवर वाढलेच नाहीत, तर ओळखायचं कोणाला? डॉक्टरांनी लगेच औषध सुरू करायला सांगितलं, तर मात्र रिपोर्टसाठी थांबू नका.