भाऊ असलेल्या मुलीचे संशोधन

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटी अनेकांना धबधब्यामुळे ठाऊक असते, काहींना भिवंडीकडे वळणाऱ्या ट्रकांच्या रांगेमुळे. आम्हाला ते गाव आठवते एका विद्यार्थिनीमुळे. आगरी घरातली, भात आणि थोडी भाजी पिकवणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी मराठी घेऊन एम.ए. प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली, तेव्हा तिने पीएच.डी. करावी असे आम्हीच तिला सुचविले होते. विषय तिच्या दारातला होता. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण, तिच्या गीतांतील भाषा आणि विधी. तिच्या नात्यातल्या एक वृद्ध बाई परिसरातल्या लग्नांत धवले गात असत. सामग्री हाताशी, भाषा जन्माची, आणि अभ्यासण्याची दृष्टी आता तयार झालेली. संशोधनाला याहून चांगली सुरुवात क्वचितच मिळते.

नोंदणीच्या खर्चासाठी आम्ही चार-पाच जणांनी वर्गणी काढायची तयारी दाखविली. त्यावर ती म्हणाली, "सर, फी कशीही भरता येईल. पण दर महिन्याला घरी काय देऊ?" स्त्रियांच्या उच्चशिक्षणाला आर्थिक साहाय्य कसे असावे, या प्रश्नाचे सारे मर्म आम्हाला या एका वाक्यात दिसते. आपल्याकडील बहुतेक योजना फीचा विचार करतात. मुलीच्या घरचा हिशेब मात्र महिन्याचा असतो.

ज्ञानासाठी पैसा देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पेशवाईत श्रावणमासात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्या निधीचे स्वरूप पालटत गेले. १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीसाठी वापरावा असा अर्ज केला, तेव्हा सनातन्यांच्या विरोधात जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे त्याच निधीतून 'दक्षिणा फेलोशिप' निघाल्या. आणि १९२० च्या दशकात इरावती कर्वे यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला तो याच फेलोशिपवर. १९२८ मध्ये त्या एम.ए. झाल्या. जो पैसा कधीकाळी केवळ वेदशास्त्रसंपन्न पुरुषांसाठी राखलेला होता, त्यातून एका स्त्रीच्या संशोधनाचा आरंभ झाला. पैशाचे नियम बदलता येतात, आणि ते बदलले की ज्ञानाचे मानकरीही बदलतात, याचे याहून बोलके उदाहरण आमच्यापुढे नाही.

या कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. इरावतीबाईंनी डॉक्टरेटसाठी जर्मनीला जावे हे त्यांचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना मान्य नव्हते. ज्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, त्या पुरुषाच्या घरातही सुनेचे संशोधन अनावश्यक वाटू शकले. अखेर पती दिनकररावांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले आणि बर्लिनचा प्रवास घडला. महर्षींचे थोरपण यामुळे उणे होत नाही. घर कितीही सुधारलेले असले तरी स्त्रीच्या संशोधनाचा पैसा घराच्या मर्जीवर सोडून चालत नाही, एवढेच यातून कळते. तो बाहेरून, हक्काने आणि वेळेवर यावा लागतो.

आज तो कसा येतो? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाने संशोधक मुलींसाठी फेलोशिप जाहीर केली. पहिली दोन वर्षे दरमहा ३१,००० रुपये ही रक्कम तेव्हाच्या मानाने चांगली होती. अट मात्र अशी की मुलगी आईवडिलांची एकुलती एक असावी. भाऊ असलेली मुलगी अपात्र. त्याआधी पदव्युत्तर शिक्षणासाठी इंदिरा गांधींच्या नावाने वर्षाला ३६,२०० रुपयांची शिष्यवृत्ती होती, तिलाही हीच अट होती. एका मुलीवर थांबणाऱ्या आईवडिलांचा गौरव करण्याचा हेतू आम्ही समजू शकतो. परंतु बक्षीस आईवडिलांच्या निर्णयाला आणि शिक्षा मात्र मुलीला, हा न्याय कोणता? घरात भाऊ असणे हेच तर आपल्या समाजात मुलीचे शिक्षण थांबण्याचे एक जुने कारण आहे. पैसा कमी पडला की तो आधी मुलाकडे वळतो. म्हणजे जिला साहाय्याची गरज सर्वाधिक, तीच पहिल्या चाळणीत बाहेर. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाईंनाही भाऊ होते. १८५६ साली माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात भावाशी झालेला त्यांचा वाद आला आहे. आज त्या अर्ज करत्या, तर स्वतःच्या नावाच्या फेलोशिपसाठी अपात्र ठरत्या.

दुसरी अडचण काळाची आहे. २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासासाठी जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आली तीत दरमहा १५,००० रुपये, वर्षाचे दहा महिने मिळतात आणि किमान ३० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. हे स्वागतार्ह आहे; पण साऱ्या देशासाठी मिळून संख्या १०,००० आहे. एम.ए.नंतर नेट, प्रवेशपरीक्षा, मार्गदर्शक मिळणे, विषयाला मान्यता, नोंदणी, या टप्प्यांत वर्ष-दोन वर्षे सहज जातात. 'महाज्योती', 'सारथी', 'बार्टी' यांसारख्या संस्थांच्या फेलोशिप नोंदणी झालेल्या संशोधकांसाठी असतात. नेटमधून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळविणारे भाग्यवान सोडले, तर या मधल्या काळात मुलीच्या हाती काहीच नसते. आणि नेमक्या याच दोन वर्षांत घरात स्थळे येऊ लागतात. मुलगा या काळात 'स्पर्धापरीक्षा देतो आहे' असे म्हणता येते. मुलगी मात्र 'घरी बसली आहे' असे म्हटले जाते.

तिसरी विसंगती नियमांतलीच. पीएच.डी.च्या २०१६ आणि २०२२ च्या नियमावलींनी स्त्रियांना प्रबंधासाठी दोन वर्षे अधिक दिली, २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली. हा शहाणपणाचा निर्णय होता. परंतु फेलोशिपची मुदत सामान्यतः पाच वर्षांची. वेळ वाढवून दिली आणि पैसा तिथेच थांबला, तर वाढीव दोन वर्षे बिनपगारी ठरतात. विज्ञानशाखेत खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाच्या योजना दोन दशकांहून अधिक काळ आहेत. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांत संसारामुळे खंड पडत नाही अशी कोणाची समजूत आहे काय?

यावर एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे, कारण स्टाफरूममध्येही तो ऐकू येतो. पीएच.डी. करून नोकरी कुठे आहे? २०२३ च्या नागपूर अधिवेशनात विधिमंडळातही या पदवीच्या उपयोगाविषयी अशीच शंका काढली गेली. आक्षेप खोटा नाही. आमच्यापैकी काहींनी तासिका तत्त्वावर उमेदवारीची वर्षे काढली आहेत. रिक्त जागा न भरण्याचे परिणाम आम्ही रोज पाहतो. पण जागा न भरणे हा शासनाचा दोष. त्याचा भार विद्यार्थिनीवर का टाकावा? शिवाय २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, तेव्हा प्रत्येक अभियंता मुलीला नोकरी मिळेल काय, असे कोणी विचारले नाही. विचारू नयेच. मात्र एम.ए.ची मुलगी त्या निर्णयात बसली नाही, आणि तिची फी मुळात कमी आहे हे उत्तर पुरेसे नाही. चिंचोटीहून नायगाव स्थानकापर्यंतची रिक्षा, लोकलचा पास, सांताक्रूझहून कालिन्याची बस, झेरॉक्स, टंकलेखन, आणि या साऱ्यापायी बुडणारी मजुरी, हा तिच्या शिक्षणाचा खरा खर्च. तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

देशात पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांची संख्या २०१४-१५ मध्ये सुमारे ४८ हजार होती. २०२१-२२ मध्ये ती ९९ हजारांच्या घरात गेली. इच्छा आणि कुवत यांचा तुटवडा नाही, हे यावरून उघड आहे. म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. एकुलतेपणाची अट काढून कुटुंबाचे उत्पन्न हा निकष ठेवावा. एम.ए. ते नोंदणी या मधल्या काळासाठी दोन वर्षांचे छोटे निर्वाहवेतन सुरू करावे. स्त्रियांना प्रबंधासाठी जितकी मुदत, तितकीच फेलोशिपला द्यावी. आणि पैसा महिन्याच्या महिन्याला मिळावा. वर्षभराने एकरकमी जमा होणारी फेलोशिप कर्ज फेडते, संशोधन पोसत नाही. महाविद्यालयांनीही आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून असा निधी उभारायला हरकत नाही. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या नावासाठी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले होते. तेवढे दातृत्व आपल्यापाशी नसेल, पण एका मुलीचा दोन वर्षांचा पास काढण्याइतके नक्कीच आहे.

आमची ती विद्यार्थिनी भिवंडी रस्त्यावरच्या एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवते. पगार वेळेवर होतो, धाकट्या भावाची पदविका त्यातूनच पूर्ण झाली. तक्रार तिने कधी केली नाही. गेल्या पावसाळ्यात त्या धवलारीणबाई वारल्या. त्यांची पाच-सहा लग्नांतली गाणी तिच्या मोबाइलवर आहेत, बाकीची त्यांच्याबरोबर गेली. वर्गणी काढून प्रश्न सुटेल असे तेव्हा आम्हाला वाटले होते. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्यापाशी तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. ते शासनाने द्यावयाचे आहे, आणि ते मिळेपर्यंत मागत राहणे आम्ही आमचे काम समजतो.