चोर पहारेकऱ्याच्याच घरी

जुनी हुबळी काय किंवा घाटाखालचा आमचा मुलूख काय, गाय विकत घेताना आपण कास पाहतो, दात मोजतो. परंतु सांसर्गिक गर्भपाताचा ‘ब्रुसेला’ जंतू असा दिसत नाही. जंतूंना गिळून मारणे हे ज्या रक्षक पेशींचे काम, त्यांच्याच पोटात तो जगतो व वाढतो. शरीराचा पहारा असा निष्फळ ठरतो आणि धष्टपुष्ट दिसणारी गाय गाभडते. कच्च्या दुधातून हा रोग माणसालाही जडतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत ४ ते ८ महिन्यांच्या पाडीला एकदाच लस टोचतात. ती वेळ दवडणे म्हणजे चोराला दार उघडून देणे होय. ‘पाडीपणी लस टोचली होती काय?’ हा प्रश्न दात मोजण्याआधी विचारला गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.