फर्मवेअरचा उतारा

घरात कुणाची जुनी डीव्हीडी अडकली की एक सल्ला हमखास येतो, "ड्राइव्हचं फर्मवेअर अपडेट करून बघ, चालेल." मंडळी, मला हा सल्ला पटत नाही. तो खोटा नाही, पण वीस वर्षं उशिरा येतो.

फर्मवेअरची खरी करामत वाचण्यात नाही, लिहिण्यात होती. कोऱ्या डीव्हीडीवर बनवणाऱ्याचा एक सांकेतिक कोड आधीच उमटवलेला असतो. ड्राइव्ह तो वाचून आपल्या फर्मवेअरमधल्या यादीत शोधतो. या डिस्कला लेझर किती ताकदीचा द्यायचा, किती लांबीच्या ठोक्यांनी, किती वेगाने, ही सगळी पाककृती तिथे असते. कोड सापडला नाही तर सरधोपट कृतीवर काम भागवलं जातं. लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला लेझरची ताकद आजमावतो खरा, पण कृतीच दुसऱ्या पदार्थाची असेल तर नुसतं मीठ चाखून काय होणार?

म्हणून १६एक्स डिस्क नव्या होत्या तेव्हा, २००५च्या आसपास, अपडेटला अर्थ होता. त्याच ड्राइव्हवर, त्याच पाकिटातली पुढची डिस्क आधीच्यापेक्षा साफ लिहिली जाऊ शके. कधी उलटही होई. हौशी लोक तर लिहिलेल्या डिस्कमधल्या चुका मोजून आलेख काढत आणि सलग आठ ब्लॉकमागे २८०ची मर्यादा ओलांडली की हळहळत. (मला ही हौस फार आवडायची.)

पण एकदा लिहिलेली डिस्क म्हणजे रंगद्रव्याच्या थरात कायमच्या उठलेल्या खुणा. त्या धूसर उठल्या असतील तर आजचं फर्मवेअर त्यांना कोरीव करू शकत नाही. वाचायचा वेग किंवा पुन्हा प्रयत्न करण्याची पद्धत ते बदलू शकतं, पण तेवढ्यासाठी चालता ड्राइव्ह पणाला लावायचा? अपडेट चालू असताना वीज गेली की ड्राइव्हचा पेपरवेट होऊ शकतो. २००३ साली मँड्रेक लिनक्स ९.२ने तर नुसता 'कॅशे रिकामा कर' असा आदेश दिला, एलजीच्या काही सीडी-रॉम ड्राइव्हनी तो 'नवं फर्मवेअर घे' असा ऐकला, आणि ते तिथल्या तिथे मेले. आज तसा ड्राइव्ह गेला तर जोडीचा दुसरा शोधायचा कुठे? दुकानात विचारलं तर पोरगा आपल्याकडे बघतच राहतो.

अडलेल्या डिस्कला मी आधी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसतो, मग दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून कमी वेगाने वाचतो. पुष्कळदा तेवढं पुरतं. वाचली की लगेच दोन हार्डडिस्कवर कॉपी.

तेव्हा लग्नामुंजीच्या डीव्हीडी कपाटात असतील तर दिवाळीला येताना घेऊन या. माझ्याकडे दोन ड्राइव्ह अजून धडधाकट आहेत. फक्त एकावर एक रचून रबरबँड लावून आणू नका हं!