जमीन कमी आहे म्हणून घर महाग?



भात झोडून झालं. रानात ओल आहे तोवर वाल टाकायचे आहेत, त्यामुळे हात रिकामे नाहीत. तरी आज पिकावर लिहीत नाही. टीव्हीवर दर आठवड्याला कोणीतरी साहेब येऊन सांगतो की मुंबईच्या आसपास जमीनच मिळत नाही, शेतकरी अडून बसतात, म्हणून नोकरदाराला घर परवडत नाही. ऐकून डोकं फिरतं.

अरे बाबांनो, जमीन अडवली कोणी? 1970 ला सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी घ्यायची ठरली. इंग्रजांच्या 1894 च्या कायद्यानं घेतली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागं लोक उभे राहिले, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर कुठं साडेबारा टक्क्यांची योजना आली.

आता हिशोब बघा. एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले, म्हणजे दीड गुंठा गेला. मोबदल्याशिवाय हातात आले साडेतीन गुंठे, तेही 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं! कित्येकांनी तर भूखंड मिळायच्या आधीच फाईल विकली, कारण घरात लग्न नाहीतर दवाखाना.

बाकीच्या साडेछत्तीस गुंठ्यांत रस्ते झाले, शाळा झाल्या, स्टेशनं झाली. ते नाकारत नाही. जमीन विकूनच शहर उभं केलं हेही मान्य. पण घरांसाठीचे भूखंड कसे दिले जातात? टेंडर काढायचं, जो जास्त बोली लावेल त्याला भूखंड. बिल्डर काय ती बोली पदरची भरतो? फ्लॅटच्या भावात चढवतो. मग शेजारच्या सेक्टरला एवढा भाव आला म्हणून पुढचं टेंडर तिथून वर सुरू. जमीन मात्र थोडी थोडीच बाहेर येते.

कांद्याचा, डाळीचा भाव चढला की सरकार व्यापाऱ्याला साठ्याची मर्यादा लावतं. इथं अख्खी वखार सरकारच्याच ताब्यात, त्याला मर्यादा कोण लावणार?

खाजगी जमिनीला मर्यादा होती. 1976 चा कमाल नागरी जमीन धारणा कायदा. तो महाराष्ट्रानं 2007 मध्ये उठवला. जमिनी मोकळ्या होतील, घरं स्वस्त होतील असं सांगितलं होतं. झाली का?

बरं, बिल्डर सोडा. सिडकोनं स्वतः 2024 च्या दसऱ्याला 26,000 घरांची योजना काढली. किमती कळल्या 2025 च्या जानेवारीत. खारघरचं घर, गट अल्प उत्पन्न, किंमत 97 लाख. अल्प उत्पन्न! आमच्याकडं भाताला एकरी काय सुटतं ते या पानावर दरवर्षी लिहितो, इथं परत लिहायची लाज वाटते.

आणि 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1 कोटी 10 लाखांच्या वर घरं रिकामी निघाली होती. ती काय शेतकऱ्यानं कुलूप लावून ठेवली?

तरी आता नैनात पुन्हा तेच. 40 टक्के जमीन भूखंड म्हणून परत, 60 टक्के योजनेला. वाढीव एफएसआय देतो म्हणतात. तो आम्ही पेरायचा का? तो वापरायला शेवटी बिल्डरच गाठावा लागतो.

माझं म्हणणं, बोली उलटी लावा. भूखंडाचा भाव आधी ठरवून टाका आणि जो तयार घर सगळ्यात कमी किमतीत लिहून देईल त्याला भूखंड द्या. किती घरं, किती चौरस फुटाची, कधी पुरी करणार, सगळं करारात. मुदतीत बांधलं नाही तर भूखंड परत. सिडकोची कमाई घटेल, घटू दे. जमीन घेताना सार्वजनिक काम म्हणून घेतली होती, धंदा म्हणून नाही.

नैनातल्या मंडळींना एक सांगतो. लवादाच्या सुनावणीला सातबारा, मोजणीचा नकाशा आणि झाडं-विहिरीची नोंद घेऊन जा. तोंडी बोलून येऊ नका, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. वालाचं पुढच्या आठवड्यात लिहितो.