गोळी बंद केली, डॉक्टर!

गेल्या वर्षी अनारशांचे तांदूळ भिजत घालायचे दिवस होते. रेल्वे लाइन्समधल्या एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सूनबाईंना तिसरा महिना.

“पोटात काही ठरत नाही, उठलं की घेरी येते. डोहाळे जरा कडकच आहेत, डॉक्टर!” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

रक्तदाब पाहिला. वरचा आकडा ऐंशीच्या घरात! या मुलीला आमवात. दोन वर्षे ती रोज प्रेडनिसोलोन घेत होती.

“गोळी चालू आहे ना?” मी विचारले. तिची मान खाली गेली.

“ती स्टेरॉइडची ना? दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी बंद केली,” सासूबाई म्हणाल्या. “आणि आता दुखतही नाही हो तिला.”

दुखत नव्हते हे खरे, आणि फसगत तिथेच झाली. गरोदरपणी पुष्कळ बायकांचा आमवात आपोआप निवळतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांनी हेच हेरले आणि शरीरातच काही औषध तयार होत असावे असा तर्क बांधला. त्या शोधातून १९४८ साली कॉर्टिसोन प्रथम सांधेदुखीच्या रोग्याला टोचले गेले. १९५० साली हेंच यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळाले. ज्या औषधाला गरोदर बाई भिते, त्याची वाट गरोदर बायकांनीच दाखवली, ही गंमत पाहा!

भीती अगदीच निराधार नाही. १९५१ साली कॉर्टिसोन दिलेल्या उंदरिणींची पिल्ले दुभंगलेल्या टाळूची निघाली होती. माणसांत तो धोका असलाच तर फार थोडा. आईचा रक्तदाब आणि साखर वाढू शकते, म्हणून मात्रा कमीत कमी ठेवतात. पण प्रेडनिसोलोनचा बहुतेक अंश वारेतच निष्प्रभ होतो. बाळापर्यंत जेमतेम दहावा हिस्सा पोचतो.

उलट, महिनोन्‌महिने गोळी घेतली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपले काम विसरतात. गोळी एकाएकी थांबवली, तर उलट्या, घेरी, उतरलेला रक्तदाब, हुबेहूब डोहाळेच! जिवावर बेतते. मी तिला तडक इस्पितळात धाडले. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन मिळताच दुसऱ्या दिवशी ती उठून बसली.

“मग माझ्या भाचीला आठव्या महिन्यात टोचलं ते?” सासूबाईंनी नंतर विचारले. ते डेक्सामेथासोन, ते वार ओलांडून बाळापर्यंत जाते आणि तेच तिथे हवे असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे त्याने लवकर पिकतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवले. २०१४ पासून आपल्या सरकारने खेड्यातल्या नर्सबाईंनाही चोवीस ते चौतीस आठवड्यांत कळा सुरू झाल्यास पहिले इंजेक्शन देण्याची मुभा दिली आहे.

वैशाखात, ऐन सोलापुरी उन्हात, मुलगी झाली. परवा सासूबाई शेंगाचटणीची पुडी घेऊन आल्या. नातीला मांडीवर थोपटत म्हणाल्या, “सूनबाईची गोळी आता रोज मीच देते. कमी कधी करायची, ते तुम्ही सांगा.”